व्हर्जिनियातली कोल्ह्याची शिकार घोड्यावर न बसता कशी बघायची

अ‍ॅशबर्न, हर्नडन, स्टर्लिंग या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी माणसाला मिडलबर्ग माहीत असतं ते वायनरींमुळे, नाहीतर पाहुणे आले की रूट ५० वरून ब्लू रिजकडे मारलेल्या चकरेमुळे. डेटा सेंटरच्या भिंती संपल्या, ऑल्डी मागे पडलं, की दगडी गडगे आणि काळ्या फळ्यांची कुंपणं सुरू होतात. सप्टेंबर ते मार्च या काळात त्या कुंपणांच्या आत आठवड्यातल्या काही सकाळी तीस-चाळीस कुत्री, लाल कोटातली चार-दोन माणसं आणि त्यांच्या मागे बरेच घोडेस्वार कोल्ह्याच्या मागावर असतात. रस्त्यावरून जाताना हे दृश्य दिसतं, आपण फोटो काढतो आणि पुढे जातो. थांबून नीट बघायचं असेल तर काय करावं, ते इथे क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. यात बंदूक नसते, आणि घोड्यांची शर्यतही नसते. घोडा लागतो तो कुत्र्यांच्या मागे टिकून राहायला. खरं काम कुत्री करतात, तेही नाकाने. आपल्याकडचं कारवानी कुत्रं सशामागे सुटतं ते नजरेच्या जोरावर; ससा दिसेनासा झाला की खेळ खलास. इथल्या शिकारी कुत्र्यांना, म्हणजे फॉक्सहाउंडना, कोल्हा दिसावाच लागत नाही. कोल्हा कधीचाच पुढे निघून गेलेला असतो आणि कुत्री त्याच्या वासावर, तो गेला त्याच वळणांनी धावत येतात. त्यामुळे बघायला जाणाऱ्याने दुर्बिणीपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी. पहिल्या वेळेला गाडीतून आणि पायीच जा असं मी सगळ्यांना सांगतो, घोडा येत असला तरी. घोड्यावर असलं की अर्धं लक्ष घोड्यात जातं.

जायचं की नाही, हे आधी ठरवा

हा प्रश्न टाळून जाऊ नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांच्या पॅककरवी कोल्हा मारणं बंद झालं. तिथले हंट, म्हणजे शिकारीची मंडळं, आता आधी टाकून ठेवलेल्या वासाच्या मागे धावतात, आणि त्या नावाखाली खरी शिकार होते की काय, यावर भांडणं चालूच असतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर असली शिकार करण्याचा प्रश्नच येत नाही. व्हर्जिनियात ती कायदेशीर आहे. इथले लोक सांगतात की आमचा हेतू पाठलागाचा आहे, मारण्याचा नाही. आणि बहुतेक पाठलाग कोल्हा बिळात शिरला की संपतात, हे खरं आहे. पण कधीकधी कुत्री कोल्ह्याला गाठतात, हेही खरं आहे. ते बघायची तयारी नसेल तर मे अखेरीस लीसबर्गच्या मॉर्व्हन पार्कमध्ये हाउंड शो भरतो, तिकडे जा. तिथे कुत्री भरपूर बघायला मिळतात आणि कोल्ह्याचा संबंध येत नाही. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मिडलबर्गच्या मुख्य रस्त्यावरून मिडलबर्ग हंटचे घोडे आणि कुत्री मिरवत जातात. लहान मुलं बरोबर असतील तर पहिली ओळख म्हणून ते उत्तम. फक्त गाडी लावायला लवकर पोचा, गर्दी जत्रेची असते.

तारीख आणि परवानगी

या भागात हंट अनेक आहेत. पीडमाँट फॉक्स हाउंड्स १८४० पासूनचा म्हणून सांगितला जातो. मिडलबर्ग, ऑरेंज काउंटी, वॉरेंटन, ब्लू रिज हे इतर काही. प्रत्येकाचा मुलूख ठरलेला असतो आणि तो जवळजवळ सगळा खासगी शेतजमिनीचा असतो. हंट चालतो तो जमीनमालकांच्या मर्जीवर. म्हणून मीटची, म्हणजे निघण्याआधी सगळे जमतात त्याची, ठिकाणं सहसा चव्हाट्यावर टांगत नाहीत, सभासदांना कळवतात.

तुम्ही करायचं ते एवढंच: हंटच्या सेक्रेटरीला चार ओळींचा ईमेल टाका. मी अमुक गावात राहतो, गाडीतून बघायला यायचं आहे, कुठल्या सकाळी आलेलं चालेल, काही शुल्क लागतं का. लोक मोकळे असतात, बहुधा एखाद्या जुन्या सभासदाच्या गाडीमागे तुमची गाडी जोडून देतात. असा माणूस मिळाला तर सोडू नका. कोल्हा कुठल्या ओढ्याने येतो आणि कुठल्या गडग्यावरून जातो, हे त्याला पाठ असतं.

दिवस कुठला निवडावा? सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कबिंग चालतं. नवी कुत्री जुन्यांबरोबर शिकतात, उजाडता उजाडता निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. कपड्यांचा थाट नसतो आणि गर्दीही कमी असते. शिकण्यासाठी मला हाच काळ आवडतो, पण झाडांवर पानं असतात, त्यामुळे दिसतं कमी. ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरच्या सुमारास ओपनिंग मीट, म्हणजे हंगामाची रीतसर सुरुवात, होते; तिथून लाल कोट, पांढरे गळपट्टे, पॉलिश केलेले बूट, आणि वेळही जरा माणसात येण्याजोगी, दहाच्या आसपास. मिडलबर्गच्या जाहिरातीतलं चित्र हवं असेल तर तेव्हा जा. जानेवारीत झाडं उघडी पडतात आणि एका टेकडीवरून दोन-दोन मैल दिसतं. थंडी सोसत असेल तर तो महिना सोन्यासारखा.

हवेचा अंदाज मात्र कुणीच छातीठोक सांगत नाही. जमीन हवेपेक्षा उबदार असेल, थोडा ओलावा असेल, वारा पडलेला असेल तर वास टिकतो असं मानतात. कोरडा वारा आणि तापतं ऊन असलं की कुत्री नाक घासत राहतात आणि काही हाती लागत नाही. आपल्याला सुखाची वाटणारी हवा कुत्र्यांना बहुतेकदा नकोशी असते.

सामान

चिखलाचे बूट, थरावर थर घालता येतील असे कपडे, कानटोपी नको. टोपी घाला पण कान उघडे ठेवा. दुर्बीण, थर्मास, आवाज बंद करून ठेवलेला फोन. गाडी खडीच्या कच्च्या रस्त्यांवरून जाणार आहे, लाउडन काउंटीत असे शेकडो मैल रस्ते आहेत. त्यामुळे आदल्या दिवशी धुतलीत तर हौस म्हणून. स्वतःचं कुत्रं घरी ठेवा, कितीही शहाणं असलं तरी. आणि डबा घ्या. त्याचं कारण पुढे येईल.

मीटवर

वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा. घोड्यांचे ट्रेलर वळतात ती जागा आणि शेताचं फाटक सोडून गाडी लावा. घोडा अंगावर येतोय असं वाटलं तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, हॉर्न कदापि वाजवू नका.

कोण कोण आहे ते ओळखून घ्या. मास्टर म्हणजे त्या दिवसाचा मालक. त्याला किंवा तिला शोधून 'गुड मॉर्निंग, मास्टर' म्हणायचं. रीत जुनी आहे पण पाळतात, आणि नवख्याने पाळली की चेहरे खुलतात. हंट्समन म्हणजे कुत्र्यांचा माणूस. त्याच्या कोटाला किंवा खोगिराला वीतभर लांबीचं तांब्याचं शिंग अडकवलेलं असतं. कुत्री त्याच्या घोड्याच्या पायांत घोळक्याने उभी असतात आणि त्याने नाव घेतलं की नेमकं तेवढंच कुत्रं मान वर करतं. व्हिपर-इन, बोलताना नुसते व्हिप, हे त्याचे मदतनीस. ते बाजूंना पांगतात, हरणामागे निघालेलं कुत्रं परत वळवतात, रस्त्याकडे पळणाऱ्यांना अडवतात. उरलेले सगळे स्वार म्हणजे फील्ड. त्यांना कुत्र्यांच्या कामात काडीचाही अधिकार नसतो. तुम्हालाही नाही. कुत्र्याला हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, 'ये ये' करायचं नाही. ती मायाळू असतात, मुलांना चाटतात, पण त्या वेळी ती कामावर आहेत.

कुत्री जोड्यांनी मोजतात. 'आज साडेसतरा जोड्या' म्हणजे पस्तीस कुत्री. हे माहीत नसलं की पहिल्या दिवशी गोंधळ उडतो.

चांदीच्या इवल्या पेल्यांतून पोर्ट किंवा शेरी फिरते. ती आधी स्वारांसाठी असते. तुमच्यापर्यंत आली आणि घ्यायची नसेल तर हसून नको म्हणा, कुणाला राग येत नाही.

तुमच्या आईबाबांना माउंट व्हर्नन, म्हणजे वॉशिंग्टनचं घर, दाखवायला नेलंच असेल. तो सगळा परिसरही एकेकाळी याच खेळाचा होता. जॉर्ज वॉशिंग्टनला शिकारीचं वेड होतं. लाफायेतने १७८५ मध्ये त्याला फ्रान्सहून कुत्री पाठवली होती आणि आजच्या अमेरिकन फॉक्सहाउंडचा इतिहास सांगताना तिथूनच सुरुवात करतात. वॉशिंग्टनच्या कुत्र्यांचा हंट्समन होता विल्यम ली, त्याचा गुलाम. जंगलातून, ओढ्यांतून घोडा फेकत कुत्र्यांच्या मागे राहणारा तो माणूस स्वातंत्र्ययुद्धातही मालकाबरोबर होता, आणि वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने त्याला मुक्ती मिळाली. मीटवर उच्चभ्रू घराण्यांच्या गप्पा फार ऐकू येतात. लीचं नाव क्वचित. म्हणून इथे लिहून ठेवलं.

दुसरी एक गोष्ट तुम्हाला नक्की ऐकवली जाईल, ती १९०५ च्या नोव्हेंबरची. हॅरी वूस्टर स्मिथ आणि हेन्री हिगिन्सन हे दोघे शिकारी; स्मिथ म्हणे अमेरिकन कुत्री श्रेष्ठ, हिगिन्सन म्हणे इंग्लिश. हजार-हजार डॉलरची पैज लागली आणि सामना याच मुलखात झाला. स्मिथची अमेरिकन कुत्री जिंकली, आणि या भागाचं नाव देशभर झालं ते तेव्हापासून. वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा यावर मत देऊ नका.

निघाल्यावर कुठे उभं राहायचं

हंट्समन पहिल्या झाडोऱ्याकडे निघाला की लगेच गाडी हाणत पुढे जायची इच्छा होते. तिथेच नवखे चुकतात. कोल्हा झाडोऱ्यातून बाहेर पडताना समोर गाडी किंवा माणूस दिसला तर तो मागे फिरतो, कुत्र्यांच्या तोंडात जाऊ शकतो, निदान चांगला पाठलाग तरी बिघडतो. शिवाय इंजिनचा धूर रस्त्यावरच्या वासावर बसतो. म्हणून: मागे राहा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नको, उंचवट्यावर थांबा, रस्त्याच्या एकाच बाजूला गाड्या लावा, इंजिन बंद. दार हळू लावा. गाडीतून उतरून उभे राहा, कारण काचेच्या आत काहीच ऐकू येत नाही. कुंपण ओलांडायचं नाही. रस्त्यावर उभं राहण्याची परवानगी म्हणजे शेतात शिरायची नव्हे.

मग वाट बघायची. अर्धा-पाऊण तास काहीच घडत नाही, असंही होतं.

कानाने बघणं

कुत्री झाडोऱ्यात शिरतात. पानं वाजतात, हंट्समनचा आवाज अधूनमधून येतो, मधेच शिंगाचा एक तोकडा स्वर: मी इकडे आहे. मग कुठूनतरी एकच कुत्रं तोंड उघडतं. हा आवाज दारातल्या कुत्र्यासारखा नसतो. लांबलेला, वर चढणारा. बाकीचे क्षणभर थांबतात.

ते कुणाचा आवाज आहे ते ऐकतात. वारकरी भजनात विणेकऱ्याने चरण उचलला की टाळकरी धरतात, तसं खात्रीच्या कुत्र्याने तोंड उघडलं की सगळा पॅक धावत जाऊन आपले आवाज त्यात मिसळतो. पण बोलणारं कुत्रं बडबडं असेल, वास नसताना उगाच ओरडणारं, तर एकही शहाणं कुत्रं हलत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट त्यांनाही ठाऊक असावी. असं कुत्रं हंट्समन पॅकमध्ये फार दिवस ठेवत नाही.

सगळे आवाज एकत्र झाले आणि एका दिशेने सरकू लागले की समजा माग पक्का आहे. शिंगाचे तुटक, घाईचे, एकावर एक आपटणारे स्वर आले तर कोल्हा झाडोरा सोडून उघड्यावर निघाला. आता पुढे पाच-दहा मिनिटं फक्त उभे राहून ऐका. आवाज वाढतोय की पातळ होतोय, डावीकडे वळतोय की सरळ जातोय. लाल कोल्हा आपल्या मुलखात मोठ्या वळणाने फिरतो, त्यामुळे लांब गेलेला आवाज पुष्कळदा परत येतो; गाडी घेऊन मागे धावलात तर तो तुमच्या आधीच्या जागेवरून निघून जातो. करडा कोल्हा छोट्या छोट्या घेऱ्यांत, झुडपांच्या आतच फिरतो, आणि अगदी जिवावर आलं तर सरळ झाडावर चढतो. हो, झाडावर. अलीकडे कायोटी, म्हणजे लांडग्याचा लहान भाऊबंद, तोही निघतो. तो मात्र नाकासमोर मैलच्या मैल सरळ पळतो आणि गाडीवाल्यांची पाचावर धारण बसते.

मग एकदम शांतता. याला चेक म्हणतात, आणि माझ्या मते खरी गंमत इथे आहे. समजा तुम्ही उभे आहात तोच रस्ता ओलांडून कोल्हा गेला आहे. कुत्री गडग्याशी येऊन थांबतात. कोल्हा गडग्याच्या माथ्यावरून दगडांवर चालत गेला असेल, किंवा पलीकडच्या गुरांच्या कळपातून, त्यांच्या वासाखाली त्याचा वास बुजला असेल. कुत्री पंख्यासारखी पांगतात, नाकं जमिनीला, शेपट्या ताठ. हंट्समन घोडा थांबवून गप्प. फील्ड लांब गप्प. एक म्हातारी कुत्री गडग्याच्या कडेने पाच-सहा पावलं जाते, परत येते, मागचे पाय टेकून पुढचे दोन्ही पंजे दगडावर ठेवते आणि माथा हुंगते. शेपटी हलायला लागते, आधी सावकाश, मग जोरात. तोंड अजून बंद. आणखी दोन दगड. मग एक हलकासा, जवळजवळ शंकेखोर सूर. शेजारचं तरुण कुत्रं उडी मारून तिथे येतं, नाक घालतं, आणि दोघं मिळून ओरडतात. तोपर्यंत बाकीचे सगळे गडग्यावरून पलीकडे गेलेले असतात.

या वेळी तुम्ही खोकलात, दार आपटलंत, कुत्र्यांना बोटाने दिशा दाखवलीत, तर त्यांची मुंडकी वर होतात. नाक जमिनीवरून उचललं गेलं की तुटलेला माग जुळायला फार वेळ लागतो.

कोल्हा तुम्हालाच दिसला तर

दिसतोच कधीतरी, आणि वाटला होता त्याहून लहान दिसतो. जेमतेम पाच-सहा किलोंचं जनावर. बहुतेकदा तो घाईतही नसतो. दुडक्या चालीने येतो, थांबतो, मागे कान देतो.

ओरडू नका. पुतळा व्हा. फोन वर केला तरी तो बिचकतो. तो रस्ता ओलांडून पुरता पलीकडे जाऊ द्या, मनात वीस आकडे मोजा. मग टोपी काढून तो गेला त्या दिशेला हात लांब करून उभे राहा आणि जवळचा व्हिप किंवा तुमचा जुना सभासद दिसेल तेव्हा त्याला कुठून आला, कुठे गेला, किती वेळ झाला, एवढंच सांगा. आरोळी द्यायचं काम त्यांचं. कुत्री आधीच आवाज करत मागावर असतील तर तेही सांगायची गरज नाही. हंट्समनला तुमची नव्हे, कुत्र्यांची खबर हवी असते.

शेवट आणि जेवण

कोल्हा बिळात गेला की कुत्री तोंडाशी गर्दी करतात, माती उकरतात. हंट्समन उतरून त्यांची नावं घेऊन कौतुक करतो, शिंगाचा लांब थरथरता स्वर देतो आणि त्यांना तिथून काढतो. कोल्हा आत राहतो. ही बिळं बऱ्याचदा ग्राउंडहॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्याने खणलेली असतात. दिवस संपल्याचा स्वर वेगळा, एकसलग आणि लांबणारा. एखाददुसरं कुत्रं मागे राहिलेलं असतं. आता गळ्यात जीपीएस पट्टे असतात, त्यामुळे पूर्वीसारखी रात्र रात्र शोधाशोध होत नाही. रस्त्यात चुकार कुत्रं दिसलं तर गाडीत घालू नका, हंटच्या माणसाला कळवा.

निघताना मास्टरला 'गुड नाइट' म्हणायचं, दुपारचा एक वाजला असला तरी. मग कुणाच्या तरी अंगणात ब्रेकफास्ट असतो, दुपारी. त्यात हॅम बिस्किट असतातच, सूप आणि चिलीतही मांस सापडतं. शाकाहारी माणसाच्या वाट्याला चीज आणि ब्राउनी. डबा घ्या म्हटलं ते यासाठी. चिवड्याचा डबा उघडून फिरवलात तर सेक्रेटरी तुम्हाला पुढच्या वेळी नावाने ओळखेल.

घोड्यावरून जायचं असेल तर

आधी शिकवणीत तिन्ही चाली उघड्या मैदानात, इतर घोड्यांच्या गर्दीत, पक्क्या जमायला हव्यात. रिंगणात शहाणा वागणारा घोडा वीस घोडे पळताना बघून वेगळाच होतो. पहिल्यांदा हिलटॉपर्सबरोबर जा. ते उड्या मारत नाहीत, फाटकातून जातात. पाहुण्या स्वाराला त्या दिवसाचं शुल्क द्यावं लागतं, ते हंटागणिक वेगळं. फील्ड मास्टरच्या, म्हणजे स्वारांच्या म्होरक्याच्या, पुढे जायचं नाही. कुत्री जवळून गेली तर घोड्याचं तोंड त्यांच्याकडे वळवायचं, पाठ नाही, म्हणजे लाथ बसणार नाही. शेवटचा असाल तर फाटक लावून घ्या, त्या आधी कितीजण उघडं टाकून गेले असले तरी. शेपटीला लाल फीत बांधलेला घोडा लाथा मारतो, हिरवी फीत असलेला नवशिका असतो. दोघांपासून लांब राहा.

घरी पोचल्यावर बूट बाहेर काढा आणि गुडघ्यांमागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड चिकटलीय का ते बघा. या भागात लाइमचा आजार आहे, आणि गोठण्याच्या वर तापमान असलं की हरणांवरची गोचीड हिवाळ्यातही फिरते.